प्रश्नानंतर ती थांबते तेव्हा

आई,

तू गेलीस तेव्हा आपल्या बैठकीतला टीव्ही लाकडी पेटीत होता. त्याला सरकते दार होते आणि दुपारच्या वेळी त्यावर तू विणलेला रुमाल अंथरलेला असे. आता टीव्ही फोटोसारखा भिंतीवर टांगतात आणि तो जवळजवळ खिडकीएवढा असतो. इतक्या वर्षांनी लिहायला बसलो आणि सुरुवात टीव्हीपासून केली, हे तुला विचित्र वाटेल. परंतु मला जे सांगायचे आहे ते याच पडद्यासमोर घडले, आणि घरात ज्यांना ते सांगावे ते सगळे स्वतःच त्यात गुंतलेले आहेत.

तुझी सून गेली. गेल्या दिवाळीच्या थोडे आधी, फुप्फुसाच्या आजाराने गेली. मी मात्र सर्वांना "तिचे निधन झाले" असे सांगतो. नातेवाइकांना पाठवलेल्या मजकुरात, बँकेत, कॉलनीच्या फाटकापाशी थांबून चौकशी करणाऱ्यांजवळ मी हाच शब्द वापरला. शब्द उपयोगी आहे. तो उच्चारताना माणसाला ताठ उभे राहता येते, आणि ऐकणाराही तसाच ताठ मान हलवतो व पुढचे काही विचारीत नाही. घरात आता आम्ही चौघे आहोत. मी, माझा मुलगा, त्याची पत्नी आणि त्यांची मुलगी, जिला तू पाहिले नाहीस. ती पाच वर्षांची आहे. ती मराठी सगळी समजते आणि उत्तर हिंदीत देते. मी मराठीत विचारायचे व तिने हिंदीत सांगायचे, असा आमचा व्यवहार ठरून गेला आहे, आणि त्यात आम्हा दोघांनाही काही वावगे वाटत नाही. आजीला मात्र ती आजीच म्हणते, दादी म्हणत नाही. त्या एका शब्दासाठी तुझ्या सुनेने पुष्कळ खटपट केली होती.

आपल्या घरी टीव्ही आला त्या संध्याकाळची आठवण मला अलीकडे वारंवार येते. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. रायपुरातले, गुढियारीच्या बाजूचे आपले रेल्वेचे क्वार्टर, मागे मालगाड्यांचे यार्ड, पुढच्या खोलीत सतरंजी आणि तिच्यावर शेजारपाजारचा अर्धा पारा येऊन बसलेला. बातम्या सुरू होतात. निवेदक हात जोडतो. तू स्वयंपाकघराच्या दारात बसलेली आहेस, पुढ्यात परात आहे. तू मनगटाने पदर डोक्यावर सारखा करतेस आणि कणकेने भरलेले हात जोडतेस. सतरंजीवर हशा पिकतो. बाबा म्हणतात, "अवो, तो दिल्लीले बसून आहे. त्याले काय तू दिसून राहिली?" त्यानंतर मी, विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून, तुला कॅमेरा म्हणजे काय, प्रक्षेपण म्हणजे काय, लहरी वातावरणातून कशा प्रवास करतात, हे सर्व क्रमवार समजावून सांगतो. तू कणीक तिंबत ऐकून घेतेस. मी थांबल्यावर म्हणतेस, "झालं तुझं? मले येडी समजून राहिला का रे? तो मले पाहत नाही, हे मले समजते. पण मी तर त्याले पाहून राहिली ना?" आणि मला पोळपाट आणायला पाठवतेस. तुझ्या त्या बोलण्याला उत्तर देण्याची गरज मला तेव्हा वाटली नाही, कारण शास्त्र माझ्या बाजूने होते.

तुझी सून बालवर्गाला शिकवीत असे, हे तू पाहिलेच आहेस. तू गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी एक मोठी साथ आली आणि शाळा बंद पडल्या. मुले घरात कोंडली गेली. तेव्हा इथल्या एका केबल वाहिनीच्या मालकाने तिला विचारले की लहान मुलांसाठी रोज थोडा वेळ टीव्हीवर शिकवाल का. शिकवायचे अर्थातच हिंदीत होते. ती लगेच तयार झाली. माझ्या हिवाळ्यातल्या राखाडी मोज्याचा तिने एक हत्ती केला, कापूस भरून त्याला सोंड केली, कापडाचे कान शिवले. चित्रण गुढियारीतच, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत होत असे. गाड्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या उभ्या बांधलेल्या होत्या. मी तिला स्कूटरवर सोडायला जात असे आणि चित्रण संपेपर्यंत तिथल्या स्टुलावर बसून राहत असे.

पहिल्याच दिवशी अडचण आली. तिने हत्ती हातात चढवला आणि कॅमेऱ्याला विचारले, "बताओ बच्चो, हाथी के कान कितने?" आता तिने थांबायला हवे होते, म्हणजे घरोघरची मुले उत्तर देतील, आणि मग "शाबाश" म्हणायला हवे होते. तिला थांबता येईना. वर्गात प्रश्न विचारल्यावर मुले अंगावर तुटून पडत. इथे समोर काचेचा एक काळा डोळा होता. ती प्रश्न विचारी आणि लगेच शाबाश म्हणून टाकी. कॅमेरावाला मुलगा म्हणाला, "मैडम, मन में गिन लो ना." ती म्हणाली, "भैया, गिनूँगी तो चेहरे पर गिनती दिखेगी." नंतर ती माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही उठा बरं. त्या कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहा. मी विचारलं की उत्तर द्या. आवाज नको, नुसते ओठ हलवा."

मी उभा राहिलो. तिने विचारले, हाथी के कान कितने. मी ओठांनी उत्तर दिले, "हाथी के दो कान होते हैं." तिने शाबाश म्हटले. कॅमेरावाल्याने चित्रण थांबवले. "सर, बच्चे इतना लंबा नहीं बोलते. 'दो' बोलो, बस." मी त्याला सांगितले की एका शब्दाचे उत्तर अपूर्ण असते, आणि शिक्षणाच्या कार्यक्रमात तरी ते पूर्ण असावे. तो तिच्याकडे पाहू लागला. तेव्हा ती म्हणाली, "रहने दो भैया. इनको इतना टाइम लगता ही है. छोटे बच्चों को भी लगता है." त्यामुळे त्या कार्यक्रमातल्या प्रत्येक प्रश्नानंतरची शांतता ही माझ्या एका पूर्ण वाक्याएवढी लांब आहे. त्या शांततेत ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही, किंचित डावीकडे पाहते, कारण मी तिथे उभा असे. आणि ओठांच्या एका कोपऱ्यात ती हसू दाबून धरते. पाहणाऱ्याला वाटते, बाई मुलांकडे किती मायेने पाहत आहेत.

ती आजारी पडली तेव्हा नातीला बीरगांवला तिच्या नानांच्या घरी ठेवले होते. तेरावे आटोपल्यावर नात परत आली. आजी कुठे आहे, असे तिने विचारले. मुलगा आणि सूनबाई दोघांनी सांगितले की आजी भगवान के घर गई. लहान मुलाशी खोटे बोलू नये, असे मी आयुष्यभर म्हणत आलो आहे. मुलाला वाढवताना बागुलबुवाचे नाव घेतलेले मला खपत नसे. त्या दिवशी मी समोर बसलो होतो आणि काही बोललो नाही. नातीने ते ऐकून घेतले. त्या घराला बाग आहे का, एवढे विचारले आणि ती खेळायला गेली.

काही दिवसांनी केबलवाल्या मालकाचा फोन आला. "सर, मैडम का प्रोग्राम फिर से चालू कर रहे हैं. रोज चार बजे. उनके लिए इतना तो कर ही सकते हैं." त्याने ते सद्भावनेने केले होते. मी त्याचे आभार मानले. त्या वेळी माझ्या, मुलाच्या, सूनबाईच्या, कोणाच्याच मनात नातीचा विचार आला नाही. चार वाजता आम्ही टीव्ही लावला, आणि भिंतीवर तुझी सून उभी राहिली, मोतिया रंगाच्या साडीत, हातात हत्ती. नातीने क्षणभर पाहिले आणि ती स्वयंपाकघराकडे धावत सुटली. "मम्मी, आजी भगवान के यहाँ नहीं है. टीवी में है."

सूनबाईने गॅस बंद केला आणि ती तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली.

त्यानंतर रोज चार वाजण्याची वाट पाहणे सुरू झाले. नात केस विंचरून घेई. शाळेत काढलेले चित्र पडद्यासमोर धरी. आजी प्रश्न विचारी, नात उत्तर देई, आणि माझ्या वाक्याएवढी शांतता संपली की आजी म्हणे, "शाबाश. बिल्कुल सही." चूक होण्याची शक्यताच नव्हती, कारण उत्तरे तिला येत होती आणि शांतता तिला पुरेशी होती. एकदा गुडघा खरचटला होता. ती पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "आजी, चोट लगी." नेमक्या त्याच वेळी आजी हत्तीला पाठीशी लपवून म्हणाली, "अच्छा, अब ज़रा हँसकर दिखाओ." नात हसली. तिने वळून माझ्याकडे पाहिले, तेही अशा नजरेने की आता तरी तुम्हाला पटले का. मी मान हलवली. ती मान कशासाठी हलवली, हे मला सांगता येणार नाही.

शाळेत तिने सांगितले की माझी आजी टीव्हीत राहते. मुले हसली. बाईंनी सूनबाईला बोलावून घेतले. त्या संध्याकाळी आम्ही तिघे जेवणाच्या टेबलाशी बसलो. मुलगा म्हणाला, "बाबा, हे बंद करायला पाहिजे. ती रोज वाट पाहते." सूनबाई रायपूरचीच आहे. तिचे मराठी मध्येच हिंदीत शिरते. ती म्हणाली, "बंद किया तो तिच्यासाठी आजी दुसऱ्यांदा जाईल. एक बार संभाला नहीं जा रहा." मग ती मला म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांगा ना तिला. आप तो सब समझाते हो. परवा पंखा समझाया, सारा टाइम वो गोल-गोल घूमती रही." मुलगा हसला, मीही हसलो. काम माझ्याकडे आले.

मी ते माझ्या पद्धतीने सुरू केले. आधी तिला काय कळते आणि काय कळत नाही ते पाहावे, असे ठरवले. कार्टून चालू असताना विचारले, "हा ससा खरा आहे का?"

"नहीं. ड्रॉइंग है."

"आणि आजीच्या हातातला हत्ती?"

तिने माझ्याकडे दयेने पाहिले. "वो तो मोज़ा है, आजोबा."

"मोजा आहे, तर बोलतो कसा?"

"आजी बोलती है. मुँह छोटा करके."

"आणि आजी?"

"आजी तो आजी है."

तिने पडद्यावरची प्रत्येक वस्तू योग्य त्या ठिकाणी ठेवली होती. चित्र ते चित्र, मोजा तो मोजा. मोठ्यांच्याही लक्षात न येणारे ते बारीक हललेले ओठ तिने टिपले होते. तिची चूक फक्त त्या एका ठिकाणी होती जिथे पडद्यावरचे माणूस तिने हाताने ओळखलेले होते, ज्याच्या कुशीत ती झोपली होती. मरणाबद्दलही तिचा स्वतःचा अभ्यास झालेला होता. सूनबाई पाहते त्या मालिकेतली सासू मध्यंतरी मेली, तिच्या फोटोला हार घातला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी तीच बाई मसाल्याच्या जाहिरातीत भाजी ढवळताना दिसली. नातीने विचारले होते, "ये आंटी तो मर गई थी ना?" सूनबाई घाईत म्हणाली होती, "वो एक्टिंग है बेटा." तेव्हा मरणे म्हणजे काही काळ दुसरीकडे दिसणे, हा निष्कर्ष तिने काढला असेल तर त्यात तर्काची चूक मला दाखवता येईना. मी तो विषय त्या दिवशी पुढे नेला नाही. त्यानंतरच्या दिवशीही नेला नाही.

माझी वाट न पाहता तिनेच तो पुढे नेला. एका दुपारी आजीने विचारले, "बताओ बच्चो, हाथी के कान कितने?" नात उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "पाँच."

मी हातातले वर्तमानपत्र खाली घेतले. शांतता नेहमीइतकी लांब होती. मग आजी म्हणाली, "शाबाश. बिल्कुल सही."

पुढच्या प्रश्नाला नातीने उत्तरच दिले नाही. ओठ घट्ट मिटून ती पडद्याकडे पाहत राहिली. "शाबाश," आजी म्हणाली.

तू होतीस तेव्हाच मी उरल्याच्या कारखान्यांकडे एका रोलिंग मिलमध्ये प्रयोगशाळेत लागलो होतो. निवृत्त होईपर्यंत तेच काम केले. सळईचा एक तुकडा कापून घ्यायचा, यंत्राच्या जबड्यांत धरायचा आणि तुटेपर्यंत ताणायचा. किती ताण सोसला, त्यावरून सगळ्या मालाची पारख होते. परंतु तपासलेला तुकडा पुन्हा कामास येत नाही. तो भंगारात जातो. तपासणीचे हे मोल आम्हा लोकांना माहीत असते, म्हणून आम्ही तुकडाच घेतो, अख्खी सळई ताणत नाही. पाच वर्षांच्या मुलीजवळ तुकडा नव्हता. तिने सगळेच ताणून पाहिले.

"आजोबा," ती म्हणाली, "आजी को पाँच भी सही लगता है." तिने रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. "आजी कुछ भी बोलती है. आजी झूठी है." दुसऱ्या दिवशी चार वाजता ती पडद्याकडे पाठ करून बसली आणि रंगपेट्या मांडत राहिली. मी टीव्ही लावला नाही. तिचा गैरसमज जावा, एवढेच मला हवे होते. तो गेला, आणि जाताना तिची आजीही घेऊन गेला. आजी जिवंत आहे असे मानणारे मूल मला चालले असते. आजी खोटारडी आहे असे मानून मोठे होणारे मूल मला चालणार नव्हते. तुझी सून कधी कोणाला उगाच शाबासकी देत नसे. तू तिच्या हातची पुरणपोळी खाऊन काही न बोलता उठलीस, तेव्हा ती मला म्हणाली होती, "बरं झालं. उगाच गोड म्हटलं असतं तर मला राग आला असता." अशा बाईची साक्ष माझ्या घरात खोटी ठरत होती.

रविवारी दुपारी मी नातीला बोलावले. आधी मी ध्वनिमुद्रण आणि चित्रमुद्रण यांतला फरक सांगू लागलो. दुसऱ्याच वाक्याला ती खुर्चीवरून उतरली. मग मी कपाट उघडले, तळाशी ठेवलेला तो मोज्याचा हत्ती काढला आणि तिच्या हातात चढवला. तो तिच्या कोपरापर्यंत गेला. "आज तू बाई हो," मी म्हणालो. फोन पुस्तकांना टेकवून उभा केला आणि स्वतः त्याच्या बाजूला उभा राहिलो. तिने अगदी आजीच्या सुरात विचारले, "बताओ बच्चो, मोर कौन से रंग का होता है?" मी म्हणालो, "मोर निळ्या रंगाचा असतो." ती थांबली, माझे वाक्य संपू दिले, आणि म्हणाली, "शाबाश." असे आम्ही तीन-चार प्रश्न केले. मग तिने सरबत मागितले आणि ते अंगावर सांडले. सूनबाईने फ्रॉक बदलून दिला. तोपर्यंत फोनमधले चित्रण मी टीव्हीवर लावले.

पडद्यावर ती लाल फ्रॉकमध्ये होती, आणि माझ्या शेजारी पिवळ्या. पडद्यावरच्या मुलीने मोराचा रंग विचारला. मी गप्प बसलो. पडद्यावरची थांबली आणि म्हणाली, "शाबाश."

"आपने तो कुछ नहीं बोला," नात म्हणाली.

"आत्ता नाही बोललो."

"तब बोले थे."

"हो."

ती उठून पडद्याजवळ गेली. स्वतःच्या चेहऱ्यासमोर हात हलवला. परत येऊन बसली. "वो पहले वाली मैं है. उसको नहीं मालूम मैं देख रही हूँ. उसको सरबत का भी नहीं मालूम." मी म्हणालो, बरोबर. ती बराच वेळ पायाचा अंगठा धरून बसली. मग म्हणाली, "तो आजी भी पहले वाली है."

"हो."

"पहले किसको पूछा था?"

"मला."

"आप वहाँ थे?"

"कॅमेऱ्याच्या बाजूला उभा होतो. आत्ता फोनच्या बाजूला होतो, तसाच."

"कितने कान बताए?"

"दोन."

"पूरा बताया था?"

"हत्तीला दोन कान असतात, असे पूर्ण सांगितले होते."

"हाँ, तो वो शाबाश आपका था," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. आजी खोटे बोललेली नव्हती. ज्याने बरोबर सांगितले त्यालाच शाबासकी मिळाली होती. माझे काम झाले, असे मला वाटले. मी फोन उचलण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा तिने विचारले, "और अब वाली आजी कहाँ है?"

सूनबाई ओला फ्रॉक घेऊन दारात उभी होती. ती पुढे आली नाही. माझ्या जिभेवर निधन हा शब्द आला. पाच वर्षांच्या मुलीला तो समजला नसता, आणि समजावून सांगायचे तर त्याच्या मागे जे आहे ते उच्चारावे लागले असते. गेली म्हणावे, तर गेलेले माणूस संध्याकाळी परत येते, तिचा बाप रोज येतो. मी मराठीत वाक्य जुळवू लागलो आणि ते जुळेना. म्हणून आमचा व्यवहार मोडून मी तिच्याशी हिंदीत बोललो. मी म्हणालो, "आजी मर गई, बेटा. अब वाली आजी नहीं है."

"कहीं भी नहीं?"

"कहीं भी नहीं."

"एक्टिंग में नहीं?"

"नहीं. सच में."

"हव," ती म्हणाली. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंकडून उचललेला हा होकार ती एरवी दूध प्यायचे कबूल करताना वापरते. तिने हत्ती हातातून काढला, पालथा करून आतून पाहिला, पुन्हा सरळ केला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मग दाराशी जाऊन तिने आईच्या पायांना मिठी मारली आणि ती रडू लागली. सूनबाई तिथेच फरशीवर बसली. त्या दोघी पुष्कळ वेळ रडल्या. मी टीव्हीवरचे चित्र बंद केले. रात्रीच्या जेवणाआधी मुलाने विचारले, "सांगितलंत?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "बरं केलं, बाबा," आणि मोटारीत काहीतरी विसरल्याचे सांगून खाली गेला.

आता नातीचे बरे चालले आहे. पुन्हा चार वाजता तिच्या मनात आले तर ती पाहते, नाही तर सायकल घेऊन खाली जाते. "पहले वाली आजी" असे ती म्हणते, सरळ, एखाद्या गावाचे नाव घ्यावे तसे. शाळेत बाईंना तिने सांगितले की आजी मर गई है, टीवी में पहले वाली है, और उसमें मेरे आजोबा भी हैं, पर दिखते नहीं. पाहते तेव्हा ती उत्तरे मात्र देत नाही. प्रश्नानंतरची ती शांतता आता घरात पूर्ण ऐकू येते. खालून भाजीवाल्याची हाक, पंखा, आणि पडद्यावर ती, किंचित डावीकडे पाहत, हसू दाबून धरलेली.

मी रोज पाहतो. माझी खुर्ची आधी पडद्यासमोर होती. ती मी डावीकडे, खिडकीपाशी सरकवली. चित्रातल्या माणसाची नजर पाहणाऱ्याने जागा बदलल्याने बदलत नाही, हे मला ठाऊक आहे. नातीने विचारले असते तर मी तिला ते आकृती काढून समजावले असते. तिने विचारले नाही. सूनबाईने केर काढताना खुर्ची जागेवर ठेवली, मी पुन्हा सरकवली. तेव्हापासून ती खुर्चीच्या भोवतीने केर काढते.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही. वाचून झाले की फाडून टाकीन. एक सांगायचे राहिले, आई. मी लिहायला बसलो तो तुला लिहायला नव्हे. पहिल्या कागदावर तुझ्या सुनेला हाक मारली होती, आणि पुढे काय लिहावे या विचारात दोन दुपारी गेल्या. अशी पत्रे जे नाहीत त्यांना लिहितात. तू नाहीस, हे मला फार वर्षांपासून पटलेले आहे, म्हणून तुला लिहिता आले.